चारमथच्या किनाऱ्यावर दगड वेचणारी मंडळी

इंग्लंडमध्ये जीवाश्म शोधायला जायचं ते थंडीतच. उन्हाळ्यात किनारे देखणे असतात, आइस्क्रीमच्या गाड्या असतात, पण चांगले दगड सुट्टीतल्या गर्दीने आधीच उचललेले असतात आणि नवे पडत नाहीत. डिसेंबर ते मार्च वादळं येतात. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, पावसाने भिजलेली माती वरून घसरत खाली येते, आणि त्या चिखलातून समुद्र जीवाश्म धुऊन बाहेर काढतो. म्हणून आमचा हौशी मंडळींचा गट फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पाच-सहा अंश तापमानात, नाकातून पाणी गाळत चारमथला जमला. नागपूरच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकले तर मामाचा लगेच मेसेज: "काहून वं, एवढ्या थंडीत दगडं वेचाले गेली का तू?"

तर मामासाठी आणि ज्यांनी ज्यांनी तोंड दाबून हसण्याच्या इमोजी टाकल्या त्यांच्यासाठी हे सविस्तर.

चारमथ हे डॉर्सेटमधलं लहानसं गाव. आमच्या ब्रिस्टलहून गाडीने दोन-अडीच तास. इथला किनारा 'जुरासिक कोस्ट' म्हणून ओळखला जातो आणि 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटमधल्या स्टडलंडपर्यंत सुमारे 155 किलोमीटर लांब. खडकांचे थर पूर्वेकडे किंचित कललेले असल्यामुळे पश्चिमेला सगळ्यात जुने आणि पूर्वेला सगळ्यात नवे खडक उघडे पडलेत. एवढ्या पट्ट्यात सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्या खडकांत 18.5 कोटी वर्षांचं अंतर पडतं. चारमथचे कडे त्यातले 19 कोटी वर्षांहून जुने. तेव्हा इथे उबदार, उथळ समुद्र होता. आता गार समुद्र आहे.

गटात एक निवृत्त पोस्टमन, एक नर्स, कॉलेजातली दोन मुलं, एक बाप आणि त्याची दहा वर्षांची लेक, आम्ही तिघं, आणि धरमपेठेतला आमचा मित्र, ज्याला मी "फिरायला चल" एवढंच सांगून आणलं होतं. म्होरके म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या खिशात भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक असतं आणि त्याबाहेर ते कुणालाही एक पाऊल टाकू देत नाहीत. ओहोटीच्या तळाच्या दोन तास आधी निघायचं, पाणी वळलं की परत. चारमथ ते शेजारचं लाइम रीजिस गाव या टप्प्यात भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं. मागे कडा आणि पुढे समुद्र अशी माणसं अडकतात. दुसरं, कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही. दरड सांगून येत नाही. तिसरं, वाळलेला दिसणारा चिखल वाळलेला नसतो. कड्याला हातोडी लावायची नाही, हे चौथं. ते आमच्या मुलाला सगळ्यात जड गेलं, कारण हातोडी त्याला वाढदिवसाला मिळालेली होती आणि गॉगलसुद्धा.

मग शोधायचं कसं? नवखा माणूस सगळीकडे बघतो. मास्तर म्हणाले, आधी गंजकं लोखंड शोधा. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यात चोख शास्त्र आहे. इथले पुष्कळसे लहान अमोनाइट (गोल वळणाच्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) पायराइटमध्ये, म्हणजे लोह आणि गंधकाच्या सोनेरी खनिजात जपले गेलेत. पायराइट साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट जड. सुपात धान्य पाखडावं तशी लाट वाळू-गोटे पाखडते, हलकं पुढे जातं आणि जड एका जागी साठतं. लाइमच्या बाजूला कड्यावर गावाचा जुना उकिरडा होता, तो दरडीबरोबर समुद्रात आला. त्यातले खिळे, नट-बोल्ट, पत्र्याचे तुकडे जिथे साठतात तिथेच पायराइटचे अमोनाइटही साठतात. तिथे गुडघे टेकून बसायचं आणि डोळे हलवायचे नाहीत. दगडात सरळ रेघ, सारख्या अंतरावरच्या खाचा, गोल वळण असं निसर्गात सहसा न जमणारं काही दिसेपर्यंत नजर एकाच ठिकाणी ठेवायची. पहिला सापडायला वेळ लागतो. तो सापडला की डोळ्यांना वळण लागतं आणि पुढचे भराभर दिसतात.

बेलेम्नाइट तर ढीगभर. माखलीसारख्या, म्हणजे स्क्विडसारख्या प्राण्याच्या शरीरातला टणक भाग, बोटाएवढा, एका टोकाला निमुळता. नर्सबाई आता ते उचलतही नाहीत. पण आमच्या मुलाने पायराइटचा अमोनाइट शोधला, रुपयाच्या नाण्याहून लहान, आणि तिथूनच आईला व्हिडिओ कॉल केला. नागपुरात दुपार उलटून गेली होती. आईने चष्मा चढवला आणि म्हणाली, "अगं, हा तर शाळीग्राम!"

बरोबरच होतं. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळीग्राम म्हणजे नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडणारा अमोनाइटच. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाचा. मी हे सांगितलं तर नर्सबाई म्हणाल्या, आमच्या यॉर्कशरमध्ये व्हिटबीला लोक याला दगड झालेले साप मानायचे; संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी दंतकथा. आणि साप म्हटला की डोकं हवं, म्हणून कारागीर अमोनाइटवर डोकं कोरून विकायचे. आईला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त "विकायचे?" एवढंच विचारलं.

या सहलीचा खरा भाग शोधणं नाहीच, दाखवणं आहे. थर्मासमधला चहा निघतो (आमच्याकडून सांबारवडी निघाली, ती चहाच्या आधी संपली), मास्तर एका ओंडक्यावर बसतात आणि एकेक जण रांगेत आपापली झोळी रिकामी करतो. "हा नुसता दगड. हासुद्धा. ही भट्टीतली राख. हे गाईचं हाड आहे, फार तर शंभर वर्षांचं. हा मात्र ठेव." माणसं दोन-अडीच तास वाकून वेचलेलं असं उडवून लावलेलं निमूट ऐकतात आणि उलट खूश होतात. मला याचं नवल वाटतं. आपल्याकडे पहिल्याच नकाराला कुणीतरी म्हणालं असतं, "तुम्हाला काय माहीत?"

आमच्या मित्राने काळपट करडा, शेंगेसारखा लांबट गोटा पुढे केला. मास्तरांनी तो फिरवला, भिंगाखाली धरला, आणि चेहरा उजळला. कॉप्रोलाइट. जीवाश्म झालेली विष्ठा, बहुधा इक्थिओसॉरची, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची, किंवा मोठ्या माशाची. आत माशाचे खवले चमकत होते. मित्राचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे एवढ्या थंडीत मी हे उचललं?"

खरं तर इथे याहून मानाचा दगड नाही. शेजारच्या लाइम रीजिस गावात मेरी अॅनिंग राहायची, 1799 ते 1847. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम, किनाऱ्यावरचे जीवाश्म वेचून विकायचे. तिच्या भावाला इक्थिओसॉरची कवटी दिसली, तिने बाकीचा सांगाडा काढला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. 1823 मध्ये तिने प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा शोधला. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी ठरावीक आकाराचे खडे सापडतात आणि फोडले तर आत माशांची हाडं असतात, हे तिनेच हेरलं. विल्यम बकलंड या प्राध्यापकाने त्यावरून 1829 मध्ये शोधनिबंध छापला आणि त्या खड्यांचं बारसं केलं. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत बाईला सभासदत्व मिळायला 1919 उजाडलं, त्यामुळे मेरीचा प्रश्नच नव्हता. 2022 मध्ये लाइममध्ये तिचा पुतळा उभा राहिला, हातात हातोडी आणि पायाशी तिचा कुत्रा ट्रे. तो 1833 मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला होता. कड्याखाली बसू नका हे मास्तर का सांगतात ते त्या पुतळ्याजवळ कळतं.

मित्राची समजूत घालताना मास्तरांनी विचारलं, तुम्ही दोघं भारतात कुठले? नागपूर म्हटल्यावर मला नेहमीचं उत्तर अपेक्षित होतं, म्हणजे "मुंबईपासून किती लांब?" हा गृहस्थ म्हणाला, "अरे, गवत तिथेच सापडलं ना!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. गवत?

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांमध्ये डायनासोरच्या काळातले कॉप्रोलाइट पडलेले असतात, दख्खनचा लाव्हा वाहायच्या सुमाराचे, म्हणजे ढोबळ 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे कण निघाले, तेही एका नाही तर निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचे. 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्याआधी समजूत अशी की गवत पसरलं ते डायनासोर गेल्यावर. चित्रांत डायनासोर हिरवळीवर उभा दाखवला की अभ्यासक हसायचे. पिजदुऱ्याच्या शेणाने त्यांना गप्प केलं. शेजारच्याच डोंगरगावला निघालेल्या लांबमान्या डायनासोरला आज आयसीसॉरस म्हणतात. आणि हे मला, काटोल रोडवर वाढलेल्या मुलीला, इंग्लंडमधला निवृत्त मास्तर सांगत होता.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही फोनवर हेच वाचत होतो. टाकळी! ज्या टाकळीवरून मी शाळेत जायचे तिथे स्टीफन हिस्लॉपने 1850 च्या दशकात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, फळं, बिया, किड्यांचे पंख शोधले. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथे तळं होतं, त्याच्या गाळात ते राहिलं. हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध त्याच लंडनच्या सोसायटीने 1855 मध्ये छापला. कामठीकडच्या खडकांतल्या ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसेही हिस्लॉपने गोळा करून विलायतेला धाडले. तो 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना रात्री नदीत बुडून गेला. हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं काढलेला आमचा मित्र गाडी चालवता चालवता म्हणाला, "आम्हाला तर कँटीनच माहीत होतं बावा."

घरी आणलेल्या अमोनाइटची देखभाल हे वेगळंच प्रकरण. आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मीठ निघेपर्यंत. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसकट डबीत बंद. कारण पायराइटला दमट हवा लागली की ते सडतं: पांढरी-पिवळी भुकटी, गंधकाचा वास, आणि त्यातून तयार होणारं आम्ल डबीचं लेबलसुद्धा खातं. आईला एक अमोनाइट देवघरासाठी हवा आहे. नागपूरचा उन्हाळा कोरडा, पण बैठकीत कूलर चालू असतो ना! चार महिने ओल्या वाळ्याची हवा खाऊन त्याचं पीठ होईल. तिच्यासाठी चुनखडीतला शोधावा लागेल.

आता मामाचा मुद्दा. हे सगळं ऐकून त्यांनी जाहीर केलंय की डिसेंबरात मी आले की दोन गाड्या काढायच्या, पिजदुऱ्याला जायचं आणि पोतं भरून आणायचं. पोत्याला माझा साफ नकार आहे, आणि तो भाबडेपणातून नाही. चारमथला वेचायची मुभा आहे त्याचं कारण समुद्र. सुटा पडलेला जीवाश्म कुणी उचलला नाही तर पुढच्या काही भरत्यांमध्ये गोट्यांवर आपटून त्याचा चुरा होतो. तिथे हौशी माणूस चोर नाही, वाचवणारा आहे. आणि तरीही नियम आहेत: काही महत्त्वाचं सापडलं तर चारमथच्या हेरिटेज सेंटरमध्ये दाखवायचं, त्याची नोंद करायची. पिजदुऱ्याला कुठला समुद्र? तिथला गोटा कुणी हलवला नाही तर वर्षानुवर्षं शेतातच राहतो. नांगर लागेल, पावसाने उघडा पडेल, पण कुठल्या शेतातून, कुठल्या थराजवळून आला ते निदान कळेल. तो आमच्या शोकेसमध्ये आला की फक्त गमतीची वस्तू उरते. गवत सापडलं ते अभ्यासकांच्या हाती अख्खे नमुने जागेच्या माहितीसकट लागले म्हणून. इंग्लंडची मुभा विदर्भाच्या जमिनीवर चालत नाही.

मामांना हे अर्धंच पटलंय. त्यांची ताजी अट अशी की पोतं नको तर नको, पण जाऊ नक्की. फोटो काढू, मोजायला शेजारी पेन ठेवू, आणि दगड जिथल्या तिथे. आधी सेमिनरी हिल्सवरच्या जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) कार्यालयात त्यांच्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना विचारून घेऊ. आणि ज्याचं शेत, त्याची परवानगी आधी.

"त्या शेतकऱ्याले काय सांगू पण मी?" मामा म्हणाले. "डायनासोरचं शेण पाहाले आलो म्हणून?"

तेच सांगा म्हटलं. तुमच्याआधी पुष्कळ जण तेच सांगून गेलेत.