पूलबर्नचा पूल आणि त्याआधीचे बावीस किलोमीटर

दादरच्या ज्या एजंटाकडून आम्ही न्यूझीलंडचा हा सायकलप्रवास घेतला, त्याने टेबलावर नकाशा पसरून सांगितलं होतं, "काका, जुनी रेल्वे लाइन आहे. रेल्वेला कसला चढ? सगळं सपाट. तिथे आज्यासुद्धा सायकल चालवतात." मी मध्य रेल्वेत रुळांच्या देखभालीत एकतीस वर्षं काढली आहेत. बोरघाटातला सदतिसाला एक चढ, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, मी पायी चढलोय. न्यूझीलंडच्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलवरचा सगळ्यात मोठा चढ पन्नासाला एक आहे हे मी आधीच वाचलं होतं, म्हणून मान डोलावली. चढाबद्दल तो माणूस खोटं बोलला नाही. पण वारा, खडी आणि दिशा या तिन्हींबद्दल त्याने तोंडातून शब्द काढला नाही, आणि आमचा जीव काढला तो या तिघांनीच.

ट्रेल १५२ किलोमीटरचा आहे, एका टोकाला क्लाइड आणि दुसऱ्या टोकाला मिडलमार्च. रेल्वे १८९१ मध्ये मिडलमार्चला आली आणि १९०७ मध्ये क्लाइडला पोहोचली. शेवटच्या काळात तिच्यावरून क्लाइडच्या धरणाचं सामान जायचं. ते काम संपलं आणि १९९० मध्ये लाइन बंद झाली. रूळ उखडले, १९९३ मध्ये तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याने जमीन घेतली आणि २००० मध्ये पूर्ण ट्रेल सायकलवाल्यांसाठी खुला झाला. पूल, बोगदे, रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या शेड, सगळं जागच्या जागी ठेवलं आहे. मी एवढ्या लांब गेलो ते यासाठी. त्यातही मला पाहायचा होता पूलबर्न व्हायाडक्ट, ३७ मीटर उंच, ट्रेलवरचा सगळ्यात उंच पूल.

बहुतेक लोक क्लाइडहून निघतात. आम्हाला एजंटाने मिडलमार्चहून उलटं पाठवलं, कारण परतीची व्हॅन त्याला तशी स्वस्त पडत होती. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. डनेडिनहून थेट मिडलमार्चपर्यंत रेल्वे आहे असंही त्याने सांगितलं होतं. आम्ही गेलो त्या दिवशी तशी गाडी नव्हती, पुन्हा व्हॅनचे पैसे भरावे लागले. तुम्ही जाल तेव्हा गाडी कुठपर्यंत जाते हे तिकीट काढताना स्वतः विचारा, मधल्या माणसावर सोडू नका.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, म्हणजे तिथला वसंत. विमानतळावर एकच गोष्ट लक्षात ठेवा. बॅगेत फराळ असेल तर जाहीर करा. मेतकूट, लोणचं, लाडू, सगळ्याला 'हो' लिहा. चिखल लागलेले बूट असतील तर तेही सांगा, आणि मुळात घरीच धुऊन न्या. न सांगता सापडलं तर जागेवर न्यूझीलंडचे ४०० डॉलर दंड आहे. आम्ही सगळं सांगितलं, त्यांनी काही ठेवून घेतलं, काही परत दिलं, दहा मिनिटांत बाहेर.

मिडलमार्च ते रॅनफर्ली चांगलं झालं. वेडरबर्नच्या पुढे ट्रेलचा सर्वोच्च बिंदू लागतो, ६१८ मीटर. तोही कधी गेला ते कळलं नाही. मॅगपाय जातीची एक पक्षीण मेहुण्याच्या हेल्मेटवर दोनदा येऊन आदळली. त्या दिवसांत त्यांची पिल्लं असतात. तिथे हेल्मेट कायद्यानेच लागतं, पण कायदा नसता तरी घाला.

ओटुरेहुआला सकाळी उठलो तेव्हा खिडकी वाजत होती. इथून लॉडरपर्यंत बावीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मुंबईत रविवारी पहाटे मुलुंडहून मरीन ड्राइव्हला सायकलने जाणाऱ्यांना हा आकडा काहीच वाटणार नाही. आम्हालाही वाटला नव्हता. आम्हाला पावणेपाच तास लागले. इडा व्हॅली म्हणजे दोन डोंगररांगांमधली लांबलचक मोकळी पट्टी, आणि त्या दिवशी नैर्ऋत्येचा थंड वारा तिच्यातून सरळ आमच्या तोंडावर येत होता. झाड नाही, भिंत नाही, वळण नाही. रस्ता समोर सुतासारखा सरळ दिसतो आणि जवळ काही येत नाही. जिथे भुसभुशीत खडी लागते तिथे पुढचं चाक आपोआप बाजूला जातं. समोरून येणारी माणसं पॅडल न मारता जात होती आणि हात हलवत होती. मेहुण्याने भाड्याची ई-बाइक घेतली होती. वाऱ्याविरुद्ध पूर्ण जोरावर चालवल्यामुळे तिची बॅटरी अर्ध्या वाटेच्या आत संपली आणि तेवढं जड धूड त्याला पायाने ओढावं लागलं. "भाऊजी, तुम्ही पुढे व्हा," असं तो तीनदा म्हणाला. मी पुढे झालो नाही.

त्यात पाऊस आला. आपला जुलैतला रेनकोट तिथे नेऊ नका, सरळ सांगतो. आपला पाऊस उबदार असतो, भिजलं तरी चालतं. तिथे भिजलेल्या अंगाला वारा लागला की बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. वारा अडवणारं जाकीट, लोकरीचा आतला शर्ट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, हे तिन्ही हवं. बायकोचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा आम्ही गँगमनच्या एका जुन्या शेडमध्ये शिरलो. पत्र्याची इवलीशी खोली, आत माहितीचा फलक. थर्मासमधला चहा आणि वाचलेल्या शंकरपाळ्या खाऊन तिच्या तोंडावर रंग आला. ती म्हणाली, "अहो, पूल गेला खड्ड्यात, पण इथून परतसुद्धा जाता येत नाही." ते खरं होतं. मध्ये ऑरिपो लागतं, पण तिथे ना दुकान, ना चहा. ओटुरेहुआ सोडलं की लॉडरपर्यंत खायला-प्यायला काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि पोटभर खाणं घेऊनच निघा.

मग ऑरिपोच्या पुढे लाइन घळीत वळते आणि वारा एकदम थांबतो. कानात बसलेला आवाज गेला तेव्हा मला आधी वाटलं काही बिघडलं. या घळीत दोन बोगदे आहेत, २०१ आणि २२९ मीटरचे. आत दिवा नाही. मधोमध स्वतःचा हात दिसत नाही आणि खाली दगड सुटे आहेत. मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून सायकल चालवू नका, उतरून ढकला. कपाळाला लावायची बॅटरी न्या. मुंबईत ट्रेकच्या कुठल्याही दुकानात मिळते.

आणि व्हायाडक्ट. फोटोत तो लहान दिसतो. प्रत्यक्षात कडेला उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो. शिस्ट दगडाचे घडीव खांब, वर पोलादी गर्डर, आणि रुळांच्या जागी आता लाकडी फळ्या आणि कठडा. रेल्वे इथून पुढे ओमाकाऊला १९०४ मध्ये पोहोचली, म्हणजे हे काम त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतलं. मी पलीकडे जाऊन दिसतील तितके दगडी सांधे बघितले, कारण माझी सवयच तशी आहे. आपल्या बोरघाटात १८६३ मध्ये लाइन सुरू झाली आणि १८६७ च्या पावसाळ्यात तिथला एक मोठा दगडी व्हायाडक्ट कोसळला, चार वर्षांत. दगडी बांधकामात पाणी कुठे शिरतं हे बघायला आम्हाला शिकवलं गेलं ते अशाच अनुभवांवरून. इथे सांधे भरलेले, पाणी जायच्या वाटा मोकळ्या. ज्या पुलावरून तीस वर्षांत एकही गाडी गेली नाही, त्याची कुणीतरी अजून पाहणी करतं, डागडुजी करतं. मला रडू आलं. बायकोने खांद्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही. खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनची, म्हणजे जिथे गाडी दिशा उलटवून घाट चढायची तिथली, लाइन आपण १९२९ मध्ये सोडली. तिच्यावरून आपली पोरं अशी सायकलने का जाऊ शकत नाहीत, हा प्रश्न मी तिथून घेऊन आलोय आणि तो सुटत नाही.

आम्ही पुलावर तासभर बसलो. पावसाने धुतलेलं ऊन पडलं होतं. त्या तासासाठी मी ते बावीस किलोमीटर पुन्हा करेन, त्याच वाऱ्यात करेन. पण तुम्ही करू नका. क्लाइडहून निघा, म्हणजे लॉडरहून तुम्ही ताज्या पायांनी घळीत शिरता. ज्यांना पूर्ण ट्रेल जमणार नाही त्यांनी फक्त एवढाच भाग करावा. क्लाइड किंवा अलेक्झांड्राहून सायकल भाड्याने घ्या, लॉडरला गाडी लावा, पूल बघून त्याच वाटेने परत या. अर्धा दिवस पुरतो. गाडी पुलापाशी जात नाही, कुणी तसं सांगितलं तर त्याला तिथला रस्ता दाखवायला सांगा. ई-बाइक घेतलीत तर आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा आणि सपाटीवर कमीत कमी जोरावर चालवा.

लॉडरला गरम चीज रोल मिळाले. तिथलीच खासियत आहे आणि शाकाहाऱ्यांना चालते. दुपारनंतर स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, तेव्हा पोहोचायची वेळ सांभाळा. पुढचे ओमाकाऊ, टायगर हिल, चॅटो क्रीक आणि क्लाइड छान आहेत.

आता पैशाचं. एजंटाने आमच्याकडून माणशी ४,५०० रुपये 'ट्रेल परमिट' म्हणून घेतले होते. या ट्रेलला परमिट नाही, प्रवेश फुकट आहे. ठिकठिकाणी शिक्के मारून घ्यायची एक छोटी पुस्तिका विकत मिळते, तिला पासपोर्ट म्हणतात. ती हौसेची गोष्ट आहे, घेतलीच पाहिजे असं नाही. चौघांचे १८,००० रुपये त्याने या एका शब्दावर काढले. परत आल्यावर मी शिक्के मारलेली पुस्तिका त्याच्या टेबलावर ठेवली आणि परमिट दाखव म्हटलं. तीन फेऱ्यांनंतर त्याने १०,००० परत दिले, उरलेले 'सर्व्हिस चार्ज' म्हणून ठेवले. त्यामुळे तुम्ही पैसे भरण्याआधी खर्चाचा तपशील कागदावर मागा, आणि त्यात परमिट ही ओळ दिसली तर तिथेच खोडायला लावा.