मूठमाती, पाणी आणि सात म्हातारे : ‘अँटिगनी’च्या तालमींची दुसरी नोंद

आमच्या ठाण्यातल्या हौशी नाट्यसंस्थेने प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची ‘अँटिगनी’ करायला घेतली, त्याला आता अकरा आठवडे झाले. नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही चौदा जण जमतो. कोणी फोर्टातल्या कचेरीतून लोकलने थेट येतो, कोणी घरच्यांना जेवायला वाढून मग येते, त्यामुळे तालीम साडेआठच्या आत सुरू होत नाही आणि पावणेअकराला सभागृह रिकामे करून द्यावे लागते. पहिल्या पाच आठवड्यांची नोंद मी पूर्वी लिहिली होती. तिच्यात पात्रनिवड, कच्चे भाषांतर आणि वाचने एवढेच होते. त्यानंतर नाटक उभे राहू लागले आणि खऱ्या अडचणी दिसू लागल्या. भाषांतराची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे आणि वृंदातही, म्हणजे नाटकातल्या थीब्जच्या वृद्धांच्या गाणाऱ्या समूहातही, मी उभी असल्यामुळे, या नोंदीत मी मुख्यतः त्या दोन बाजूंबद्दल लिहिणार आहे.

कथानक आपणा सर्वांना ठाऊक आहे. इडिपसचे दोन मुलगे थीब्जच्या गादीसाठी लढताना एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन त्यांपैकी इटिओक्लीसला सन्मानाने पुरतो आणि शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. अँटिगनी तो हुकूम मोडून भावाच्या अंगावर माती टाकते. नाटकाचा सगळा भार या एका कृतीवर आहे, आणि मराठीत मला पहिली ठेच लागली ती तिथेच.

या कृतीला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, तो म्हणजे मूठमाती. अँटिगनी खड्डा खणत नाही, थडगे बांधत नाही. ती फक्त कोरडी धूळ मुठीने पसरते आणि पितळेच्या झारीतून तीन वेळा तर्पणाची धार सोडते. कच्च्या भाषांतरात मी ‘मूठमाती’, ‘तिलांजली’, ‘पाणी सोडणे’ हे तिन्ही शब्द मोठ्या समाधानाने वापरले होते. वाचनात ते ऐकताना लक्षात आले की आजच्या मराठीत या तिन्हींचा अर्थ उलटा झाला आहे. आपण तत्त्वांना तिलांजली देतो, आशेला मूठमाती देतो, बुडालेल्या पैशांवर पाणी सोडतो. ज्या विधीने जिवंत माणूस मेलेल्याशी आपले नाते शेवटचे सांगतो, त्या विधीचे शब्द आपल्या बोलण्यात नाते तोडण्याचे शब्द झाले आहेत, आणि अँटिगनी तर नेमके नाते तोडायला नकार देणारी मुलगी आहे. ‘मी त्याला मूठमाती देणार’ हे वाक्य बहिणीशी, इस्मिनीशी, बोलताना तिच्या तोंडी आले, तेव्हा समोर बसलेल्या दोघांना ती भावाचा नाद सोडते आहे असे क्षणभर वाटले.

त्यावर तीन आठवडे गेले. शब्द बदलून ‘दफन’, ‘अंत्यसंस्कार’ असे करून पाहिले, पण त्यात सरकारी पत्राचा कोरडेपणा आला. शेवटी आमच्या दिग्दर्शिकेने सुचवलेला उपाय टिकला. आता हे शब्द नाटकात प्रथम येतात ते क्रेऑनच्या जाहीरनाम्यात, तेही एकेक करून आणि शब्दशः : ‘त्याच्या अंगावर कोणी मुठीएवढीही माती टाकायची नाही. त्याच्या नावाने कोणी ओंजळभरही पाणी सोडायचे नाही.’ मनाई आधी ऐकल्यामुळे प्रेक्षकाच्या कानात मूठ ही मूठ आणि पाणी हे पाणी राहते. सोफोक्लीसच्या रचनेत मात्र हुकूम आपल्याला सर्वांत आधी कळतो तो अँटिगनीच्या तोंडून, पहाटेच्या बहिणींच्या प्रवेशात. तो क्रम मोडायचा नव्हता, म्हणून ती इस्मिनीला हुकूम सांगते तिथेच ही दोन वाक्ये घातली, आणि पुढे क्रेऑन वृद्धांसमोर तीच जशीच्या तशी उच्चारतो. ती त्याचे शब्द पाठ असल्यासारखी बोलते. त्यामुळे तो रंगमंचावर येण्याआधीच त्याचा आवाज येऊन गेलेला असतो, हा लाभ आम्ही मुळात योजलेला नव्हता.

याच टप्प्यावर पितृपक्ष आला. आमच्या वृंदात एक निवृत्त काका आहेत. वडिलांचे श्राद्ध करून ते संध्याकाळी तालमीला आले आणि पाणी सोडण्याविषयी आमची चर्चा चालली असता त्यांनी न बोलता हात पुढे करून दाखवला : पितरांसाठी पाणी बोटांच्या टोकांवरून सोडत नाहीत, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात. सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही. ती मुद्रा आम्ही नाटकात घेतलेली नाही, कारण हे थीब्ज आहे आणि तिथे धार झारीतूनच पडली पाहिजे. परंतु पहारेकऱ्याचे काम करणाऱ्या मुलाने ती पाहिली, आणि त्याच्या निवेदनाचा सूर त्या दिवसापासून बदलला.

पहारेकऱ्याचे हे निवेदन माझ्या मते नाटकातले सर्वांत कठीण गद्य आहे. अँटिगनीची कृती आपल्याला दिसत नाही. ती या घाबरलेल्या, जीव वाचवू पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या तोंडून कळते. त्याने प्रेतावरची धूळ झाडून ते पुन्हा उघडे केले, दुर्गंधी टाळण्यासाठी तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर जाऊन बसला, भर दुपारी धुळीचे वादळ उठले, आणि ते शमल्यावर ती मुलगी दिसली. रिकामे घरटे पाहून पक्षिणीने फोडावा तसा टाहो तिने फोडला, असे तो सांगतो. आमचा मुलगा सुरुवातीला हा सगळा भाग विनोदी अंगाने करीत असे, आणि पहारेकऱ्याच्या पहिल्या प्रवेशात तो विनोद मुळातही आहे. आता दुसऱ्या प्रवेशात टाह्याच्या वाक्यापाशी त्याचा वेग आपोआप पडतो आणि झारीचा उल्लेख तो जवळजवळ कुजबुजत करतो. मुलीला पकडून आणल्याचा आनंदही आहे आणि दुःखही आहे, असे तो स्वतःच म्हणतो. त्या वाक्याला आता आधार मिळाला आहे.

नात्यांबद्दल एक छोटी गोष्ट इथेच सांगते. क्रेऑन हा योकास्टाचा, म्हणजे या मुलींच्या आईचा भाऊ, म्हणून त्यांचा मामा. मराठीत हे नाते लपत नाही, आणि ‘मामा’ या हाकेत आपल्याकडे जो लळा आहे तो क्रेऑनला फार लवकर माफ करून टाकतो. म्हणून इस्मिनी त्याला एकदाच मामा म्हणते, अँटिगनी कधीच नाही.

आता वृंदाकडे येते. सोफोक्लीसने वृंदातली माणसे बारावरून पंधरा केली, अशी परंपरा आहे. आमच्याकडे सात आहेत, त्यांत चार स्त्रिया. थीब्जला सात वेशी, तेव्हा सात वृद्ध चालतील, असे म्हणून आम्ही पुढे गेलो. मराठी रंगभूमीवर वृंद म्हटला की ‘घाशीराम कोतवाल’मधला माणसांचा पडदा सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो, आणि आमच्याही उभ्या तालमींच्या पहिल्या आठवड्यातल्या रचना नकळत तिकडेच जात होत्या : रांग, झुलणे, ताल, एकाच वेळी वळलेल्या माना. देखणे दिसत होते, पण या नाटकातल्या वृद्धांचे काम पडद्याचे नाही. ही राजसभेतली माणसे आहेत. त्यांना मुद्दाम बोलावून घेतले आहे, ती क्रेऑनला भितात, हुकूम ऐकून मान डोलावतात, मुलीला दोष देतात, मग हळूहळू त्यांचा धीर गोळा होतो आणि अंध द्रष्टा टायरेसियस निघून गेल्यावर ती राजाला स्पष्ट सल्ला देतात. वृंदाला स्वतःचा प्रवास आहे, आणि तो एकसारख्या वळलेल्या मानांतून दिसू शकत नाही. म्हणून सातही जणांना आम्ही वेगवेगळी मते वाटून दिली. कोणाला हुकूम पहिल्यापासून खुपतो, कोणाचा मुलगा याच लढाईत पडला आहे, कोणाला फक्त घरी जायचे आहे. गाणे एकत्र होते. ऐकणे मात्र प्रत्येकाचे वेगळे असते.

गाण्यांच्या रचनेत मी बरीच वाट चुकले. मूळ वृंदगीतांत कडवे आणि प्रतिकडवे यांची लय तंतोतंत जुळणारी असते, म्हणून मी मोठ्या अभंगाचा साचा घेतला : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. अक्षरांचा हिशोब सुरेख बसला. परंतु पखवाजाच्या पहिल्या थापेबरोबर सात वृद्धांचे वारकरी झाले आणि भीतीच्या जागी भक्ती आली. पखवाज काढला, यमक काढले, अक्षरसंख्या तेवढी ठेवली. आता कान साचा ओळखतो, पण त्याला टाळी सापडत नाही, आणि त्या अधांतरीपणात वृंदाची अस्वस्थता नेमकी बसते.

माणसाविषयीचे जे प्रसिद्ध गीत आहे, त्याच्या पहिल्याच ओळीतला ‘डेइनॉन’ हा शब्द अद्भुतही आहे आणि भयंकरही. माणूस वादळात समुद्र ओलांडतो, दरसाल जमीन नांगरतो, पक्षी आणि मासे जाळ्यात धरतो, वाचा आणि विचार स्वतः शिकतो, असाध्य रोगांवरही उपाय काढतो. फक्त मरणापासून त्याला पळता येत नाही. मी आधी ‘अद्भुत’ लिहिले, त्यात नुसते कौतुक उरले. ‘भयंकर’ लिहिले तर नुसती भीती उरली. सध्या ‘अचाट’ आहे : ‘अचाट पुष्कळ, माणसाहून अचाट काही नाही.’ अचाट बुद्धी म्हणताना आपण मान देतो आणि अचाट कृत्य म्हणताना कपाळाला हात लावतो, म्हणून हा शब्द मला पटला आहे. आमच्या क्रेऑनला तो हलका वाटतो. प्रयोगापर्यंत हा वाद मिटेल असे दिसत नाही.

ग्रीक वृंदाला साथ असे ती ऑलॉस या दुहेरी पत्तीच्या वाद्याची. दुहेरी पत्तीचे आपले वाद्य म्हणजे सनई, आणि ती आपल्याकडे लग्नाची. अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडायला नेतात तेव्हा ती त्या थडग्यालाच आपले लग्नघर म्हणते. म्हणून सबंध नाटकात सनई फक्त तिच्या त्या चालत जाण्याच्या वेळी वाजते. ओळखीतला एक सनईवादक दोन तालमींना आला. पहिल्यांदा त्याने पूर्ण सूर लावला आणि सगळ्यांचे डोळे भरले, पण अँटिगनीचे बोलणे ऐकूच आले नाही. आता तो विंगेत, पाठ फिरवून, फक्त आधारस्वर धरतो.

वृंदाच्या सल्ल्याचा प्रवेश गेल्या रविवारी बसला. वृद्ध क्रेऑनला सांगतात : आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेतासाठी थडगे बांध. दूताच्या निवेदनात कळते की क्रेऑनने क्रम उलटा केला. तो आधी माळावर गेला, पॉलिनायसीसचे अवशेष धुऊन त्यांना अग्नी दिला, वर मातीचा उंचवटा रचला, आणि मग गुहेकडे वळला. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. इतका वेळ ज्या विधीला त्याने मनाई केली, तोच यथासांग करण्यात त्याचा वेळ गेला. वाचनात हे निसटून जाते. आम्ही माळासाठी डावी आणि गुहेसाठी उजवी विंग ठरवली आहे. सातही वृद्धांचे हात उजवीकडे होतात, क्रेऑन ‘मीच बांधले, मीच सोडवीन’ असे म्हणतो आणि डावीकडे निघून जातो. हात वर राहतात आणि हळूहळू खाली येतात. विंगांचा हा भेद आमचा आहे, संहितेतला नव्हे.

क्रेऑनच्या राणीचे, युरिडिसीचे, काम छोटे आहे, तिला अवघ्या नऊ ओळी. मुलाच्या मृत्यूची हकिगत पूर्ण ऐकून ती एक शब्द न बोलता आत जाते. इस्मिनी करणारी मुलगीच ही भूमिका करते. तिला सध्या आम्ही काहीच सांगत नाही.

गणपतीत सभागृह मंडळाला दिलेले असल्यामुळे दहा दिवस एका सदस्याच्या इमारतीच्या गच्चीवर, पावसाची उघडीप पाहून तालमी केल्या. त्या काळात पाठांतर पक्के झाले. मुखवट्यांचे तीन नमुने करून पाहिले, आणि शे-दोनशे प्रेक्षकांच्या बंदिस्त जागेत ते चेहऱ्यांपेक्षा कमी बोलतात असे दिसल्यावर बाजूला ठेवले. प्रयोगाच्या परवानगीसाठी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली आहे. घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरची तारीख मागितली आहे. ती मिळाली नाही तर दुसरी जागा पाहावी लागेल.

पहिली सलग तालीम एक तास त्रेचाळीस मिनिटे चालली. शेवटच्या विलापात क्रेऑन आणि वृंद एकमेकांची वाक्ये फार लवकर उचलतात, तिथे निदान चार मिनिटे वाढायला हवीत. पुढच्या रविवारी लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, येतील, आणि सात जणांना पायऱ्यांवर म्हाताऱ्यासारखे चढायला शिकायचे आहे.