पुलावर काठी टेकवायची नाही

पुलावर काठी टेकवायची नाही, हे मला दुकानातल्या बाईंनी पहिल्याच सकाळी सांगितलं. जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या 88 मंदिरांच्या वारीतलं पहिलं मंदिर रयोझेन्जी. पांढरा सदरा, लव्हाळ्याच्या पातींची रुंद टोपी, नावाच्या चिठ्ठ्या, शिक्क्यांची वही, उदबत्त्या, काठी, असं वारीला लागणारं सगळं तिथंच मिळतं. लेक शेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. ती ओसाकाला नोकरीला आहे. तिथून बसने आवाजी बेट ओलांडून आम्ही नारुतोला उतरलो. बस मोठ्या पुलावर आली तेव्हा खाली समुद्र गरगर फिरत होता. नारुतोचे ते भोवरे बघायला लोक लांबून येतात. भर भरतीला ते वीस मीटर रुंद होतात म्हणे. आम्हाला एवढे मोठे दिसले नाहीत, पण पाण्याला तशी ओढ लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी आळंदी ते पंढरपूर चौदा वेळा चालले आहे. माझं माहेर फलटणच्या अलीकडे, पालखीच्या वाटेवरच. लहानपणी आषाढ जवळ आला की आई अंगणात पाण्याची घंगाळं भरून ठेवायची. वारकरी ओट्यावर टेकले की आम्ही पोरं त्यांच्या पायांवर पाणी घालायचो आणि आई त्यांच्या टाचांना तेल चोळायची. वारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आधी ते पाय येतात.

शिकोकूला मी गेले ती कूकाई या बौद्ध भिक्षूंमुळे. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. 774 साली याच बेटावर त्यांचा जन्म झाला, 804 साली ते चीनला गेले आणि तिथून बौद्ध तंत्रमार्गाची दीक्षा घेऊन परतले. 835 साली कोयासान पर्वतावर ते ध्यानाला बसले आणि आजही ते तिथं ध्यानातच आहेत, अशी श्रद्धा आहे. रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण नेलं जातं. हे लेकीने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर आपली आळंदी! माउलींनी 1296 मध्ये संजीवन समाधी घेतली, पण आळंदीत पाऊल ठेवताना कुणाच्या मनात ते गेले असं येतच नाही.

सगळी वाट बाराशे किलोमीटरच्या आसपास. पायी चालणाऱ्याला चाळीस-पन्नास दिवस लागतात. चार प्रांत, आणि प्रत्येक प्रांत म्हणजे साधनेची एक पायरी: इच्छा जागी होणं, तप, बोध आणि शेवटी निर्वाण. एका वेळी एकच प्रांत चालायची रीतही तिथं आहे. मी पहिला प्रांत घेतला, म्हणजे तोकुशिमातली तेवीस मंदिरं, आणि पुढं मुरोतोच्या टोकावरचं चोविसावं. पहिले दोन दिवस लेक सोबत होती, पुढं मी एकटीच.

एकटी म्हणायचं नाही, असं तिथले लोक सांगतात. सदऱ्याच्या पाठीवर आणि टोपीवर चार अक्षरं असतात, ‘दोग्यो निनिन’. अर्थ असा, की आम्ही दोघं बरोबर चाललो आहोत. दुसरे म्हणजे दाइशी. काठी म्हणजे तेच. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुवायच्या आधी काठीचं टोक धुतात. पहिल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरातल्या आजींनी दारातच बादली आणून ठेवली, काठी माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतली, चिखल धुतला, फडक्याने पुसली आणि खोलीतल्या कोनाड्यात उभी केली. मी पायरीवर बसून बघत होते. माझ्या आईचे हात तसेच चालायचे. टाचेवरून आधी पाणी, मग फडकं, मग बोटांच्या मधे.

पहिली दहा मंदिरं जवळजवळ आहेत, दोन दिवसांत होतात. रीत ठरलेली. दरवाज्यात वाकायचं, हात-तोंड धुवायचं, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची आणि बौद्ध सूत्र म्हणायचं. हे आधी मुख्य मंदिरात, मग पुन्हा दाइशींच्या मंदिरात. मी चिठ्ठीवर नाव देवनागरीत लिहायचे. सूत्र जपानी उच्चारात म्हणतात, मला त्यातलं काही कळत नव्हतं. दुसऱ्या मंदिरात मात्र शेवटची ओळ कानावर आली आणि मी थांबले. ‘ग्याते ग्याते हारा ग्याते, हारासो ग्याते, बोजी सोवाका.’ गते गते पारगते, पारसंगते, बोधि स्वाहा! आपल्याकडचे शब्द चीनमार्गे तिथवर गेले आणि बाराशे वर्षं त्या ओठांवर राहिले. त्या दिवसापासून शेवटची ओळ मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायला लागले.

दहाव्या आणि अकराव्या मंदिराच्या मधे योशिनो नदी आडवी येते. तिच्यावर बुटके पूल आहेत, कठडे नसलेले. पूर आला की पाणी वरून निघून जातं, कठड्याला कचरा अडकून पूल वाहून जायची भीती नाही. तिथं मी पहिल्यांदा काठी उचलून काखेत धरली. कथा अशी, की ओझू गावात एका थंडीच्या रात्री दाइशींना कुणी आसरा दिला नाही, ते पुलाखाली झोपले आणि ती एक रात्र त्यांना दहा रात्रींसारखी वाटली. तेव्हापासून कोणत्याही पुलाखाली ते निजलेले असतील असं धरायचं आणि काठीचा आवाज करायचा नाही. आमची दिंडी पूल ओलांडते ती टाळ-मृदंगाच्या दणक्यात. इथं मी पाय सुद्धा हलके टाकत होते. खाली हिरवं पाणी, पलीकडच्या काठावर फुललेलं चेरीचं एक झाड आणि काठीवरच्या छोट्या घंटीची किणकिण. ती घंटीही मी मुठीत धरली.

अकराव्या फुजिइदेरापासून बाराव्या शोसान्जीपर्यंतचा डोंगर सगळे वारकरी ओळखून असतात. त्या चढाला नावच ‘हेन्रो कोरोगाशी’, वारकऱ्याला गडगडवणारा. तेरा किलोमीटरच्या आतली वाट, पण ती चढते, उतरते आणि पुन्हा चढते. दिवे घाटाला मला कधी धाप लागली नाही, तिथं हजार माणसं मागून ढकलत असतात. इथं मी झाडाला टेकून चार-चार वेळा थांबले. मधल्या टप्प्यावर दगडी पायऱ्यांच्या वर एकदम दाइशींचा मोठा पुतळा समोर येतो, त्याच्यामागं सुरूसारखा प्रचंड जुना वृक्ष. कुणीच नव्हतं. मी ‘माउली’ म्हणून बसले आणि शेंगदाण्याची चटणी लावून भाताचा गोळा खाल्ला.

शोसान्जीवरून उतरताना एक लहान ठिकाण लागतं, जोशिन-आन. तिथं एक माणूस दाइशींपुढं गुडघ्यावर कोसळलेला आहे, असं शिल्प आहे. तो एमोन साबुरो. श्रीमंत आणि कठोर. दारात आलेल्या भिक्षूला त्याने वारंवार हाकललं, शेवटी त्याचं भिक्षापात्र फोडलं, त्याचे आठ तुकडे झाले. मग त्याचे आठ मुलगे एकामागून एक गेले. तो भिक्षू कोण होता हे उमगल्यावर क्षमा मागायला तो बेटाला फेऱ्या घालू लागला. वीस फेऱ्या झाल्या, भेट नाही. एकविसावी त्याने उलटी घातली आणि या डोंगरात, मरणाच्या दारात, दाइशी समोर आले. दाइशींनी त्याच्या हातात एक खडा ठेवला. पुढं एका घरात मूठ मिटलेलं बाळ जन्मलं, मुठीत तोच खडा, त्यावर एमोन साबुरोचं नाव. मात्सुयामाचं एक्कावन्नावं मंदिर इशितेजी, म्हणजे ‘दगड-हात’, हे नाव त्यावरूनच पडलं.

मी तिथं बराच वेळ उभी राहिले. आईबापाला छळणारा पुंडलिक पालटला आणि देव स्वतः चालत त्याच्या दारी आला, विटेवर उभा राहिला. साबुरोला मात्र वीस वेळा बेट चालावं लागलं. दोन्ही कथांत सुरुवात अपराधापासूनच आहे, एकीत घरातल्यांच्या, दुसरीत दारात आलेल्याच्या. म्हणूनच असेल, या बेटावर दारावरून जाणाऱ्या वारकऱ्याला कुणी रिकामं जाऊ देत नाही.

वारकऱ्याला असं काही देण्याला ते ‘ओसेत्ताई’ म्हणतात. दिलेलं नाकारायचं नाही, बदल्यात नावाची चिठ्ठी द्यायची. शेतात वाकलेल्या एका आजींनी मला ‘ओहेन्रो-सान’ अशी हाक मारली, कमरेच्या पिशवीतून दोन संत्री काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबली. हात मातीने भरलेले, थंडगार. मी चिठ्ठी दिली. देवनागरी अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, कपाळाला लावली आणि माझ्यासाठी हात जोडले. आपण माउली म्हणून पाया पडतो ना, अगदी तसंच. मला रडू आवरलं नाही.

पुढची मंदिरं मी भराभर केली. विसावं आणि एकविसावं डोंगरावर आहेत. एकविसाव्या ताइर्यूजीला रोपवे जातो. मी पायीच गेले, तरुणपणी कूकाईंनी तिथं तप केलं होतं. हिवासातल्या तेविसाव्या याकुओजीच्या पायऱ्यांवर लोक एकेक नाणं ठेवत चढतात. बायकांच्या 33 पायऱ्या, पुरुषांच्या 42, त्या-त्या वयाचं अरिष्ट टळावं म्हणून. जवळच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

तिथून चोविसावं मंदिर पंचाहत्तर किलोमीटर. मला तीन दिवस लागले. डाव्या हाताला महासागर, उजव्या हाताला डोंगर आणि मधे 55 क्रमांकाचा रस्ता. 88 मधलं एकही देऊळ मधे नाही, दुकान क्वचित. दुसऱ्या दिवशी पाऊस आडवा आला, टाचेचा फोड फुटला. मी काठीला धरून मोठ्याने ‘राम कृष्ण हरी’ म्हणत चालले.

टोकाशी मिकुरोदो गुहा आहे. कूकाईंना साक्षात्कार झाला तो इथं, असं मानतात. आत जाऊन मी बाहेर वळून पाहिलं. गुहेच्या तोंडातून फक्त दोनच गोष्टी दिसत होत्या, वर आकाश आणि खाली समुद्र. कू म्हणजे आकाश, काई म्हणजे समुद्र. नाव कुठून आलं ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

चोविसाव्या मंदिरात शिक्का घेतला आणि दुसऱ्या सकाळी परतीची बस धरली. तीन दिवसांची वाट खिडकीतून मागं पळायला लागली. एका वळणावर पांढरा सदरा आणि टोपी दिसली. म्हातारा माणूस, डोकं खाली, पुलावर चालत होता. काठी त्याने उचलून धरली होती. मी मांडीवरची माझी काठी सरळ केली आणि खिडकीतून त्याला हात जोडले.