फोटोंचा पसारा डिजिकॅममध्ये लावताना

घरातल्या सगळ्यांचे फोन, एक जुना कॅमेरा आणि स्कॅन केलेले अल्बम, हे सगळं एकत्र लावायला मी डिजिकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर ती 'रिमूव्हेबल मीडिया'खाली जोडायची. डेटाबेस (डिजिकॅमची स्वतःची नोंदवही) मात्र कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच ठेवायचा. नेटवर्क ड्राइव्हवर तो रखडतो, कधी बिघडतोही.

फोल्डर करायची घाई नको, आधी तारखा. कॅमेरा फोटो काढल्याची वेळ एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीत) लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलीतून ती उडालेली असते (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते). मग डिजिकॅम फाइलची तारीख धरतं आणि बॅकअपमधून परत आणलेले पाच वर्षांचे फोटो एकाच दिवशी जाऊन बसतात. पण 'आयएमजी-20210912-डब्ल्यूए0007' अशा नावात तारीख असतेच. असे फोटो निवडून 'टाइम अ‍ॅडजस्ट'मध्ये तारखेचा स्रोत 'फाइल नेम' करायचा. ही तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर खरी वेळ माहीत असलेला एक फोटो शोधून जो फरक निघेल तो त्या सगळ्या गठ्ठ्याला लावायचा. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅन केल्याची तारीख पडते. तिथे अंदाजे वर्ष हातानेच घालावं लागतं.

मग फाइलींची नावं. वर्ष, महिना, दिवस, वेळ याच क्रमाने. '15-8-2016' असं लिहिलं की 15 जानेवारी आणि 15 ऑगस्ट शेजारी येतात.

डुप्लिकेट शोधण्याआधी फिंगरप्रिंट (प्रत्येक फोटो कसा दिसतो याची छोटी नोंद) तयार करून घ्यावे लागतात, याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवावं. 90 टक्के साम्य ठेवलं तर लागोपाठ काढलेले ग्रुपफोटोही डुप्लिकेट म्हणून येतात, आणि त्यातल्या एकातच मावशीचे डोळे उघडे असतात. म्हणून सरसकट काही उडवू नये. दोन्ही फोटो 'लाइट टेबल'वर शेजारी शेजारी घेऊन झूम करून पाहावे. मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सअ‍ॅप प्रत असेल तर जास्त पिक्सेलवाला ठेवायचा. उडवलेले फोटो डिस्कवरच 'डीट्रॅश' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जातात, त्यामुळे डिजिकॅमचा ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही.

टॅग, म्हणजे माणसं, जागा, प्रसंग यांची फोटोला लावायची लेबलं, सर्वांत शेवटी. त्याआधी 'कॉन्फिगर डिजिकॅम'मधल्या 'मेटाडेटा'त (फोटोच्या फाइलीत लिहायच्या माहितीत) टॅग, कॅप्शन, तारखा, चेहरे यांच्या खुणा चालू करायच्या. नाहीतर सगळी मेहनत डेटाबेसमध्येच अडकते आणि डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की टॅग गायब. टॅग मराठीत खुशाल लिहा, फक्त आटोपशीर: फोटोच्या फाइलीत माहिती लिहायच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीच्या रकान्यात एका टॅगला 64 बाइट मिळतात आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. एक्सएमपी या नंतरच्या पद्धतीला ही अडचण नाही. रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइली) एक्सएमपीची वेगळी छोटी फाइल करून घ्यावी. फोटो हलवताना तीही सोबत हलवायची.

शेवटी एखादा फोटो एक्सएनव्ह्यू या दुसऱ्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघतो. टॅग दिसला तर तो फाइलीत गेला. नसेल तर डिजिकॅममध्ये सगळे फोटो निवडून 'राइट मेटाडेटा टू फाइल'.