नाईन माईलला जाताय? भाव गाडीत बसण्याआधी ठरवा

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर हॉटेलच्या काउंटरवर विकली जाते ती ‘बॉब मार्ले सहल’ घेऊ नका. त्या पैशात मिळतं ते या जमैकन रेगे गायकाचं जन्मगाव नाईन माईल आणि तिथली समाधी, तेही घाईघाईत. गाणं जिथे घडलं ते ट्रेंच टाऊन दक्षिणेला किंग्स्टनमध्ये आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

नाईन माईल सेंट ॲन परगण्यात, डोंगरात. ओचो रिओसहून दीड तास तरी धरा. शेअर टॅक्सीने आधी ब्राऊन्स टाऊन, तिथून अलेक्झांड्रिया, आणि मग शेवटचा तुकडा. सगळी गोची या तुकड्यात आहे. रस्ता अरुंद, उखडलेला, वळणावर समोरचं दिसत नाही. शेअर गाडी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून टॅक्सीवाला अख्खी गाडी गळ्यात मारतो. भाव ‘डॉलर’मध्ये सांगतात आणि उतरताना ते अमेरिकन डॉलर निघतात! एका अमेरिकन डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर पडतात, तेव्हा कुठला डॉलर, माणशी की गाडीचा, परतीचं धरून की नाही, हे तिन्ही बसण्याआधी वदवून घ्या. लाल नंबरप्लेट नसलेल्या गाडीत बसू नका. स्वतः चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या.

फाटकाबाहेर ‘गाइड’ म्हणून चिकटणाऱ्यांना नाही म्हणा. तिकिटात आतला गाइड असतोच. आत लहानपणीचं छोटं घर, एकच पलंग, लाल-पिवळा-हिरवा रंगवलेला दगड, आणि समाधी. तिथे चपला बाहेर, फोटो बंद. जन्म ६ फेब्रुवारी १९४५, मृत्यू ११ मे १९८१. वय ३६. सहा फेब्रुवारीच्या आसपास गर्दी असते. एवढ्यासाठी अख्खा दिवस जातो. समाधीला हात जोडायचेच असतील तरच जा.

त्यापेक्षा नट्सफर्ड एक्स्प्रेसची बस पकडून किंग्स्टन गाठा. तिथे मार्लेच्या ५६ होप रोडच्या घरात १९८६पासून संग्रहालय आहे. मागच्या बाजूच्या भिंतीत ३ डिसेंबर १९७६ला त्याच्यावर झालेल्या हल्ल्यातल्या गोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत. जखमी मार्ले त्यानंतर दोनच दिवसांनी मंचावर उभा राहिला. आतही फोटो काढू देत नाहीत.

मग ट्रेंच टाऊन कल्चर यार्ड. दिवसाउजेडी, टॅक्सी थेट दारापर्यंत नेऊन, तिथलाच गाइड घेऊन. आजूबाजूच्या गल्ल्यांत एकट्याने शिरू नका. ‘यार्ड’ म्हणजे बैठी चाळच समजा: मधे अंगण, भोवती एकेक खोली, स्वयंपाकघर सामाईक. अंगणात जुन्या फोक्सवॅगनचा गंजलेला सांगाडा पडलाय. ‘नो वुमन, नो क्राय’ या मार्लेच्या गाण्याचं (१९७४) श्रेय ज्याच्या नावावर आहे तो व्हिन्सेंट फोर्ड इथलाच. याच वस्तीत गायक जो हिग्जने मार्ले आणि त्याचे साथीदार पीटर टॉश व बनी वेलर यांच्याकडून एकत्र सुरात गाण्याची तालीम करून घेतली. खोल्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की तीन आवाज असे का जुळले ते गाइडने न सांगताही कळतं. जाण्याआधी मार्लेचा ड्रमर कार्लटन बॅरेटचे ड्रम नीट ऐका. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांतली पहिली रिकामी, ठोका तिसरीवर. समेवरच काही नाही! गिटारचा तुटक झटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. २०१८मध्ये युनेस्कोने रेगेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण त्या यादीपेक्षा हे अंगण जास्त सांगतं.

विक्रेते जागोजागी ‘गांजा’ विचारतील. शब्द आपलाच, १८४५पासून तिकडे गेलेल्या भारतीय गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांबरोबर पोचलेला. २०१५पासून दोन औंसांपर्यंत जवळ बाळगल्यास तिथे फक्त दंड होतो. विमानतळावर मात्र तो गुन्हाच आहे, परतताना बॅगेचे सगळे कप्पे झटकून घ्या.