‘सरकार एक रुपयाही देत नाही, मॅडम’

जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने भारताच्या साखर धोरणावरचा अहवाल १४ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केला. तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाची होती आणि निकाल आपल्या विरोधात गेला होता. दुसऱ्याच दिवशी पुण्यात साखर कारखान्यांच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात माझं व्याख्यान होतं. ते महिनाभर आधीच ठरलेलं होतं आणि विषयही मोघम होता, ‘जागतिक व्यापाराचे नियम’. रात्री उशिरापर्यंत अहवाल वाचला आणि तयार स्लाइड्स बाजूला ठेवल्या. उद्या फक्त याच्यावर बोलायचं, हे नक्की झालं.

मी सार्वजनिक धोरण आणि जागतिक आर्थिक संस्था हे विषय शिकवते. वर्गातल्या मुलांना साखरेचा हा तंटा म्हणजे एक क्रमांक असलेली केस. समोर बसलेल्यांचं तसं नव्हतं. गाळप हंगाम ऐन भरात होता. कोणी चीफ अकाउंटंट, कोणी शेतकी अधिकारी, दोन-तीन कार्यकारी संचालक. मास्क हनुवटीवर, मोबाइल टेबलावर उपडे, आणि मधूनच कारखान्याहून फोन. पुण्यात अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने कारखान्याशी बोलायचं नाही तर कोणी? प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होतेच की.

निकालाचा पहिला भाग मी सांगितला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार उसाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असं पॅनेलचं म्हणणं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या रांगेतले एक चीफ अकाउंटंट उठले. पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं.

“सरकार एक रुपयाही देत नाही, मॅडम. एफआरपी आम्ही देतो. कारखाना देतो.”

एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान भाव. त्यांना खडू दिला आणि म्हटलं, मांडा.

त्यांनी फळ्यावर मांडलं ते असं. त्या हंगामाची एफआरपी १० टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे २९० रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. उतारा साडेअकरा धरला तर टनाला ३,३३५ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करून उरलेले पैसे १४ दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात गेले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. आता एका टनातून साखर निघते ११५ किलो. सरकारने ठरवलेल्या किलोमागे ३१ रुपये या किमान विक्री दराने तिचे होतात ३,५६५. “राहिले २३० रुपये,” ते म्हणाले. “यात पगार, गोणी, देखभाल, आणि मालतारण कर्जाचं व्याज. मळी, बगॅस विकून कसंबसं जुळतं. यात सरकार कुठं आहे, दाखवा.”

हा युक्तिवाद त्यांचा एकट्याचा नव्हता. भारताच्या वकिलांनी जिनिव्हात, व्यापार संघटनेच्या पॅनेलसमोर, नेमकं हेच मांडलं होतं: एफआरपी सरकार देत नाही, सरकार ऊस खरेदीही करत नाही, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने तो नाकारला. संघटनेच्या कृषी करारात बाजारभावाचा आधार मोजताना पैसे कोणाच्या खिशातून गेले हे बघत नाहीत. सरकारने कायद्याने भाव बांधून दिला की झालं. त्या भावातून जुना संदर्भ भाव वजा करायचा आणि त्या भावाला पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचं. मी त्यांच्याच हिशेबाखाली हे सूत्र लिहिलं. २९० वर त्यांनीच गोल केला.

“आणि संदर्भ भाव कुठला?” मागून एका तरुण शेतकी अधिकाऱ्याने विचारलं.

१९८६ ते १९८८ या तीन वर्षांचा.

वर्गात एकदम गलका झाला. तो रास्तच होता. पस्तीस वर्षांपूर्वीचा भाव गोठवून आजच्या रुपयांतल्या भावाशी ताडून बघायचा, मधली सगळी महागाई आधार म्हणून मोजायची, हे मला कधीच पटलेलं नाही. धान्याच्या हमीभावाबाबत भारत वर्षानुवर्षं हीच तक्रार करतो आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

पण निकालाचा दुसरा भाग निर्यात अनुदानाचा, आणि त्याचं तसं नाही, हेही तिथेच सांगितलं. २०१९-२० मध्ये केंद्राने ६० लाख टन साखर बाहेर काढण्यासाठी टनामागे १०,४४८ रुपये दिले. ती साखर जगाच्या बाजारात गेली की भाव आणखी खाली येतो आणि त्याचा फटका दुसऱ्या देशातल्या ऊसवाल्यालाच बसतो. इथे आपली बाजू लंगडी होती.

“तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?” एका कार्यकारी संचालकांनी विचारलं. आवाजात राग होता.

मी म्हटलं, नियमाच्या. आणि त्यांना चादरींची गोष्ट सांगितली. युरोपीय संघाने आपल्या सुती चादरी-अभ्र्यांवर अँटी-डंपिंग शुल्क लावलं होतं, म्हणजे घरच्या भावापेक्षा स्वस्तात निर्यात केल्याबद्दलचं शुल्क. हिशेब करताना जिथे आपला माल महाग विकला गेला तिथला फरक त्यांनी शून्य धरला आणि जिथे स्वस्त तिथला तेवढा पकडला. चीफ अकाउंटंट खुर्चीतून पुढे सरकले. “असं कसं? दोन्ही बाजू धराव्याच लागतात!” व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २००१ मध्ये तेच म्हटलं आणि भारत जिंकला. युरोपसमोर, फक्त हिशेबाच्या जोरावर. ही जागा दुसरीकडे कुठे मिळाली असती?

“मग आपणही अपील करू,” संचालक म्हणाले.

करता येईल. पण ऐकणार कोण? अपील मंडळात सात सदस्य असतात, एका प्रकरणाला तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून तीनही उरले नाहीत. आज सातही खुर्च्या रिकाम्या आहेत. अपील दाखल झालं की पॅनेलचा निकाल लागू होत नाही, आणि अपिलाची सुनावणीही होत नाही.

क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, “म्हणजे कायमचा स्टे!” आणि टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, महिनाअखेरीला पेमेंट करायची धास्ती त्यांची होती. पण मला त्या टाळ्या सहन होईनात.

त्यात एकट्या चीफ अकाउंटंटनी हात हलवले नव्हते. गलका ओसरल्यावर ते म्हणाले, “म्हणजे उद्या चादरवाले जिंकले, तर युरोपवालेही हेच करणार.”

इतकी वर्षं शिकवताना हा मुद्दा इतक्या कमी शब्दांत मला मांडता आला नव्हता. भारताने पुढच्या काही आठवड्यांत खरोखरच अपील केलं. अपील मंडळ पुन्हा उभं राहावं ही भारताची मागणी आहे आणि ती मनापासून रेटायला हवी, कारण आपल्यासारख्या देशाला समोरच्याइतकी दंडेली परवडत नाही.

चहाच्या वेळी ते फळ्याचा फोटो काढत होते. मला म्हणाले, “इथेनॉलचाही भाव सरकारच ठरवतं. उसाच्या रसापासूनचं यंदा लिटरला ६३ रुपये ४५ पैसे. ते मोजतील?”

इथेनॉल जकातीच्या वर्गीकरणात बाविसाव्या प्रकरणात येतं, आणि कृषी कराराची व्याप्ती चोविसाव्यापर्यंत आहे. म्हणजे तो शेतमालच धरला जातो. भाव ठरवून दिल्याने ऊस उत्पादकाला किती आधार पोचतो, हा त्यापुढचा हिशेब. मी म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, पण तुमच्या कारखान्याचे आकडे मिळाले तर बसून करू.

“शनिवारी या,” ते म्हणाले. “डिस्टिलरीच्या मॅनेजरला थांबवून ठेवतो.”