मोडलेले तुकडे जमा करावेत

वेल्ड केलेल्या पोलादी प्लेटमध्ये बाहेरचा भार नसतानाही जे प्रतिबल (धातूच्या आतला ताण किंवा दाब) कोंडून राहते, ते प्लेटला भोक न पाडता अल्ट्रासॉनिक लहरींनी मोजणे, हा माझा एम.टेक.चा प्रकल्प होता. प्लेट आली, लहरी सोडणारे आणि टिपणारे प्रोब आले, ऑसिलोस्कोप दोन दिवसांत जुळला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. अडले ते एका अर्जापाशी, आणि त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही.

पोलादातून अनुदैर्घ्य लहर (जिच्यात कण लहरीच्याच दिशेने पुढे-मागे हलतात) सेकंदाला सुमारे 5900 मीटर वेगाने जाते. तिच्याच दिशेने धातू ताणलेला असेल तर हा वेग किंचित घटतो, दाबलेला असेल तर किंचित वाढतो. पर्स्पेक्सच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, पाचरीसारख्या वेजमधून सुमारे 28 अंशांच्या कोनात सोडलेली लहर पृष्ठभागाच्या लगेच खालून, त्याला समांतर धावते. माझ्या मांडणीत एक प्रेषक प्रोब आणि त्याच रेषेत एकमेकांपासून 60 मिलिमीटरवर दोन ग्राहक प्रोब होते. त्या दोघांमधला प्रवास साधारण 10 मायक्रोसेकंदांचा, आणि 100 मेगापास्कल (प्रतिबलाचे एकक) ताणाने त्यात पडणारा फरक 12 नॅनोसेकंदांच्या आसपास. मात्र हे प्रमाण पुस्तकातून उचलून भागत नाही. त्याच प्लेटची पट्टी युटीएमवर (एरवी नमुना तुटेपर्यंत ओढून ताकद तपासणाऱ्या यंत्रावर) ठरावीक भाराने ओढून ते स्वतः काढावे लागते.

युटीएम दुसऱ्या विभागाच्या ताब्यात होते. त्यांच्या छापील अर्जात ‘तुटण्याचा अपेक्षित भार’ असा रकाना होता आणि तळाशी सूचना होती, ‘चाचणीनंतर मोडलेले तुकडे भांडारात जमा करावेत.’ मी रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहिले. अर्ज नऊ दिवसांनी ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. दुसऱ्या वेळी मी सविस्तर लिहिले की पट्टीचा छेद 600 चौरस मिलिमीटर आहे, कमाल भार 90 किलोन्यूटन म्हणजे 150 मेगापास्कल असेल, पोलादाची नती मर्यादा (जिच्यापुढे धातू कायमचा लांबतो) 250 मेगापास्कल असल्यामुळे पट्टी तुटणार तर नाहीच, कायमची लांबणारही नाही, आणि लांबली तर माझी मोजणीच वाया जाईल. हा अर्ज तीन सह्यांच्या वाटेत कुठेतरी महिनाभर पडून राहिला. शेवटी मी स्वतः खिडकीपाशी गेलो. तिथल्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुटणार नाही, मग टेस्ट कसली?” मी पुन्हा लहरींपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवले. “ते राहू द्या. तुकडे किती जमा करणार, तेवढं लिहा.”

मी लिहिले, ‘तुकड्यांची संख्या: एक.’ त्याच दुपारी मंजुरी मिळाली. तोवर सात आठवडे गेले होते, आणि प्रत्यक्ष मोजणीला एक सकाळ पुरली.

म्हणून अर्ज भरण्याआधीच खिडकीपाशी जाऊन यावे, हे आधी सांगतो. पट्टी कापताना प्लेट कोणत्या दिशेने लाटली आहे याची खूण पंचने करून ठेवावी, कारण लाटण्याच्या दिशेनुसारही वेग बदलतो आणि तो फरक प्रतिबलाचा समजला जातो. मी खूण केली नव्हती, त्यामुळे पहिली पट्टी टाकून द्यावी लागली. (मंजुरी येण्याआधीच हे लक्षात आले, एवढाच त्या विलंबाचा उपकार.) भार चढवताना घेतलेल्या नोंदी उतरवतानाही घ्याव्यात. प्रोब हाताने दाबू नयेत, स्प्रिंगने दाबावेत, म्हणजे प्रोब आणि धातू यांच्यामधला तेलाचा थर दरवेळी सारखा राहतो.

आणखी एक, खरे तर सर्वांत महत्त्वाचे: पंखा. पोलाद एका अंशाने तापले तरी माझ्या मांडणीत सुमारे 1 नॅनोसेकंदाचा फरक पडत होता, म्हणजे 8 मेगापास्कलचा खोटा ताण. पर्स्पेक्समधला वेग तर तापमानाने याहून कितीतरी अधिक बदलतो. दोन ग्राहक ठेवून त्यांच्या वेळांची वजाबाकी करायची ती त्यासाठीच. मी दार लावून, पंखा बंद करून, अर्धा तास घामाघूम होऊन बसत असे आणि मगच पहिली नोंद घेत असे.

वेल्डलगत ताण आणि दूर दाब, हे अपेक्षित चित्र मिळाले. पट्टी नियमाप्रमाणे भांडारात जमा केली. तिला ‘मोडलेला नमुना’ अशी चिठ्ठी लागली. पुढे फेरतपासणीसाठी ती परत हवी झाली, तेव्हा मोडलेला नमुना बाहेर काढण्याचा अर्ज वेगळा असल्याचे समजले.